हार्ट अटॅकची मिनिटं कुठे जातात आणि ती कशी वाचवायची

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने पूर्ण बंद झाली, की साधारण २० ते ३० मिनिटांत तिच्या वाट्याचा स्नायू मरायला लागतो. नुकसान आतल्या थरापासून सुरू होतं आणि पुढचे काही तास बाहेरच्या थराकडे पसरत राहतं. पहिल्या दोन-तीन तासांत धमनी मोकळी झाली तर बराच स्नायू वाचतो, नंतर तासागणिक कमी कमी. हार्ट अटॅकच्या या प्रकाराला स्टेमी म्हणतात. बारा लीडच्या ईसीजीवर (हृदयाचा विजेचा आलेख, बारा कोनांतून म्हणजे लीडमधून काढलेला) एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसतो आणि त्यावरून तो ओळखता येतो.

धमनी उघडायचे मार्ग दोन. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे धमन्यांत नळी घालून उपचार करायच्या खास खोलीत, नेऊन अँजिओप्लास्टी करायची (बारीक तार आणि फुगा घालून धमनी आतून उघडायची), किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. वेळेत होत असेल तर अँजिओप्लास्टी सरस, होणार नसेल तर इंजेक्शन, आणि तेही लगेच. दोन्ही उपचार वर्षानुवर्षं पारखलेले आहेत. तरी अनेक रुग्णांना ते उशिरा मिळतात. कारण असं, की आपत्कालीन फोन घेणारी यंत्रणा, रुग्णवाहिका, लहान रुग्णालयं आणि कॅथ लॅब असलेली मोठी रुग्णालयं यांचे मालक वेगळे, नियम वेगळे, नोंदवह्या वेगळ्या. रुग्ण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना जो वेळ जातो, तो कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

एकेका रुग्णालयाने आपापला वेग वाढवून हे सुटत नाही, हे आकड्यांतून दिसलेलं आहे. अमेरिकेत २००५-०६ ते २००८-०९ या काळात रुग्ण दारात आल्यापासून धमनीत फुगा फुगवेपर्यंतचा मध्यक वेळ (निम्म्या रुग्णांना याहून कमी लागतो, निम्म्यांना जास्त) ८३ मिनिटांवरून ६७ वर आला. रुग्णालयातल्या मृत्यूंचं प्रमाण मात्र ४.८ वरून ४.७ टक्क्यांवर, म्हणजे होतं तिथेच राहिलं. याची कारणं एकाहून जास्त असतील, पण एक तर उघड आहे. धमनी घरी किंवा कामावर असताना बंद होते. रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत तास-दोन तास गेलेले असतात, आणि दारानंतरची १६ मिनिटं वाचवून त्यांची भरपाई होत नाही. म्हणून घड्याळ रुग्णाला पहिला आरोग्य कर्मचारी भेटतो त्या क्षणी सुरू करायचं आणि सगळ्या प्रदेशाचं मिळून एकच ठेवायचं.

त्या घड्याळावरचे टप्पे असे: पहिल्या भेटीपासून १० मिनिटांत ईसीजी. रुग्णवाहिकेने थेट कॅथ लॅबच्या रुग्णालयात नेलं तर ९० मिनिटांत धमनी उघडलेली. रुग्ण आधी कॅथ लॅब नसलेल्या रुग्णालयात पोहोचला असेल तर १२० मिनिटांत. तेवढ्यात जमणार नसेल तर इंजेक्शन: युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निदानापासून १० मिनिटांच्या आत, अमेरिकी तत्त्वांनुसार रुग्णालयात आल्यापासून ३० मिनिटांच्या आत.

पहिला ईसीजी

साखळीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळ वाचवणारा भाग हाच आहे. रुग्णवाहिकेत बारा लीडचा ईसीजी निघाला, तर गाडी रुग्णालयात पोहोचायच्या आत कॅथ लॅबची माणसं घरून निघालेली असतात.

ईसीजी कुणाचा काढायचा हे कर्मचाऱ्याच्या अंदाजावर सोडू नये. छातीत दुखणं हे लक्षण सगळ्यांना माहीत असतं, पण वयस्कर माणसांत, मधुमेहींत आणि बायकांमध्ये झटका पुष्कळदा वेगळ्या रूपात येतो. म्हणून वयाशी जोडलेला साधा नियम उपयोगी पडतो: तिशीनंतर छातीत दुखत असेल तर, पन्नाशीनंतर धाप, भोवळ येऊन पडणं, शुद्धीत फरक, हातात कळ किंवा अंगातलं त्राण जाणं यांतलं काहीही असेल तर, आणि ऐंशीनंतर पोटात दुखणं, मळमळ किंवा उलटी असली तरीसुद्धा ईसीजी आधी, नावनोंदणी नंतर.

ईसीजी चुकतो तो बहुतेक वेळा काढताना. व्ही-१ आणि व्ही-२ हे इलेक्ट्रोड चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या फटीत हवेत. घाईत ते एक-दोन बरगड्या वर लागतात आणि आलेख बदलतो. घामाने चिंब छातीवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत, म्हणून टॉवेल आणि केस काढायचं रेझर ईसीजी मशीनलाच बांधून ठेवावं. उजव्या आणि डाव्या हाताच्या वायर उलट लागल्या तर पहिली लीड पूर्ण उलटी दिसते. ती तशी दिसली की आधी वायर तपासायच्या. बायकांच्या बाबतीत संकोचामुळे इलेक्ट्रोड लावायला उशीर होतो किंवा ते चुकीच्या जागी लागतात. अंगावर टाकायला चादर आणि काय करतोय हे सांगणारं एक वाक्य, एवढ्याने हा उशीर टळतो.

वाचनाचा निकष असा: शेजारच्या दोन लीडमध्ये एसटी निदान १ मिलिमीटर वर. व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये मात्र बायकांसाठी १.५, चाळिशी पार केलेल्या पुरुषांसाठी २ आणि त्याहून तरुण पुरुषांसाठी २.५ मिलिमीटर. व्ही-१ ते व्ही-४ मध्ये एसटी उलट खाली गेलेला दिसला, तर हृदयाच्या मागच्या बाजूचा झटका असू शकतो. अशा वेळी पाठीवर व्ही-७ ते व्ही-९ लावून पुन्हा बघायचं. खालच्या भागाचा झटका दिसला तर उजव्या बाजूची व्ही-४ काढायची, कारण हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडला असेल तर नायट्रोग्लिसरीनने, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाने, रक्तदाब कोसळतो. आणि पहिला ईसीजी ठीक आला म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा नाही. दुखणं चालू असेल तर दर १०-१५ मिनिटांनी नवा ईसीजी काढायचा. पहिल्या आलेखात न दिसलेला झटका दुसऱ्या-तिसऱ्यात दिसतो.

आलेख मोबाइलवरून डॉक्टरकडे पाठवणं चांगलंच, पण नेटवर्क मिळावं म्हणून गाडी थांबवायची नाही. कर्मचाऱ्याला ठळक स्टेमी ओळखता येईल इतकं प्रशिक्षण हवं आणि आलेख पोहोचला नाही तर फोनवर तोंडी सांगून काम पुढे सरकवायची मुभा हवी.

गाडीत द्यायची औषधं मोजकीच. अ‍ॅस्पिरिन १६२ ते ३२५ मिलिग्रॅम, चघळून. वरून आवरण असलेली गोळी नुसती गिळली तर परिणाम उशिरा होतो. ऑक्सिजन फक्त पातळी ९० टक्क्यांखाली असेल तर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या ६,६२९ रुग्णांच्या चाचणीत, पातळी चांगली असताना दिलेल्या ऑक्सिजनने मृत्यू कमी झाले नाहीत. नायट्रोग्लिसरीन देण्याआधी वरचा रक्तदाब ९० च्या वर आहे ना आणि रुग्णाने २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (दोन्ही पुरुषांच्या लैंगिक ताठरतेची औषधं) घेतलेलं नाही ना, हे विचारायलाच हवं. डिफिब्रिलेटरचे (विजेचा धक्का देऊन ठोके ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचे) पॅड गाडीत घेतल्याबरोबर छातीवर चिकटवून ठेवावेत, कारण हृदयाचे ठोके अचानक बिघडून माणूस जाण्याचा धोका पहिल्या तासात सगळ्यात जास्त असतो. सलाईनची सुई डाव्या हाताला लावावी. अँजिओप्लास्टी बहुतेकदा उजव्या मनगटातून होते.

कॅथ लॅब कुणी जागी करायची

जुनी पद्धत अशी: कॅज्युअल्टीतला डॉक्टर फिजिशियनला विचारतो, फिजिशियन कार्डिओलॉजिस्टला फोन करतो, कार्डिओलॉजिस्ट आलेख मागवतो, मग तंत्रज्ञ आणि नर्स यांना एकेक करून फोन जातात. रात्री दोन वाजता यातला एक फोन उचलला गेला नाही की १५ मिनिटं गेली.

२००६ साली अमेरिकेतल्या ३६५ रुग्णालयांच्या पाहणीत कुठल्या सवयीमुळे किती वेळ वाचतो याचा अंदाज काढला गेला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनेच कॅथ लॅब सुरू करायला सांगितली तर सुमारे ८ मिनिटं. एकाच फोनवर सगळ्या टीमला निरोप गेला तर जवळपास १४. रुग्ण वाटेत असतानाच लॅब सुरू केली तर १५. आणि निरोप मिळाल्यावर टीम अर्ध्या तासाऐवजी २० मिनिटांत हजर झाली तर १९. यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही.

अधिकार खाली द्यायला कार्डिओलॉजिस्ट कचरतात, कारण खोट्या हाकांची, म्हणजे झटका नसताना लॅब जागी केली जाण्याची, भीती असते. ती निराधार नाही. मिनेसोटातल्या १,३३५ रुग्णांच्या २००७ सालच्या अभ्यासात अँजिओग्राफीला (धमन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेलं चित्र) नेलेल्यांपैकी १४ टक्के रुग्णांत झटक्याला कारण ठरलेली बंद धमनी सापडली नाही. हे ओझं टीमने स्वीकारायला हवं असं आमचं ठाम मत आहे. खोटी हाक आली म्हणून फोन करणाऱ्याला कुणी झापलं, की पुढच्या वेळी तो खरा रुग्ण असतानाही दोन जणांना विचारत बसतो. प्रत्येक खोट्या हाकेचा आलेख नंतर त्याच्यासोबत बसून बघावा, शांतपणे. खोट्या हाकांचं प्रमाण फारच खाली गेलं तर उलट काळजी करावी. मग बहुधा खरे रुग्ण निसटत असतात.

अंतर मिनिटांत मोजा, आणि खरं मोजा

आता सगळ्यात कळीचं गणित. समजा, एका कॅथ लॅब नसलेल्या रुग्णालयात रुग्ण स्वतः चालत आला. त्याच्याकडे १२० मिनिटं आहेत. येऊन पुन्हा बाहेर पडेपर्यंत ३० मिनिटं आणि कॅथ लॅबच्या दारापासून तार गुठळीच्या पार जाईपर्यंत ३० मिनिटं धरली, तर रस्त्यासाठी ६० उरतात. कागदावर त्यामुळे ४५ मिनिटांवरचं रुग्णालय सहज अँजिओप्लास्टीच्या टप्प्यात बसतं.

पण ते ३० मिनिटांत बाहेर पडणं प्रत्यक्षात फार थोड्या ठिकाणी होतं. अमेरिकेतल्या २९८ रुग्णालयांमधल्या १४,८२१ रुग्णांच्या नोंदी २०११ साली तपासल्या गेल्या, तेव्हा मध्यक वेळ ६८ मिनिटं निघाला आणि ३० मिनिटांच्या आत सुटलेले रुग्ण फक्त ११ टक्के. ज्यांना जास्त वेळ लागला त्यांच्यातल्या मृत्यूंचं प्रमाण ५.९ टक्के होतं, लवकर सुटलेल्यांत २.७. आता हेच गणित खऱ्या आकड्याने करा: ६८ अधिक ४५ अधिक ३० म्हणजे १४३. हे रुग्णालय १२० मध्ये बसतच नाही. तिथल्या डॉक्टरने 'अँजिओप्लास्टीला पाठवतो' म्हणणं म्हणजे इंजेक्शनचा फायदाही घालवणं आणि अँजिओप्लास्टीचाही.

म्हणून प्रत्येक लहान रुग्णालयासाठी गेल्या सहा महिन्यांतला स्वतःचा खरा वेळ काढून, त्यात रस्त्याचा खरा वेळ मिळवून, एकच उत्तर आधीच ठरवायचं: हे रुग्णालय 'पाठवा' गटातलं की 'इंजेक्शन देऊन पाठवा' गटातलं. उत्तर कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लिहिलेलं असावं. पूर, धुकं, बंद पडलेला घाट, रात्री गाडी नसणं यासाठी दुसरं उत्तरही त्याच कागदावर हवं. रुग्ण समोर असताना यावर चर्चा सुरू झाली की वेळ गेलाच.

लहान रुग्णालयातला अर्धा तास

इथे वेळ वाचवायचा तर काय करायचं नाही याची यादी जास्त महत्त्वाची ठरते. ईसीजीवर निदान झालं असेल तर ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारी रक्तचाचणी) रिपोर्टसाठी थांबायचं नाही. छातीचा एक्स-रे नको, महाधमनी फाटल्याची खरी शंका असेल तेवढं सोडून. वॉर्डात भरती नको. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) एकदाच शिरेतून देऊन टाकायचं. ड्रिप चालू केली की पंप शोधणं, दुसऱ्या पंपावर बदलणं, गाडीत तो चालवू शकणारा माणूस शोधणं, यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. केस पेपरच्या प्रती निघेपर्यंत गाडी उभी ठेवायची नाही, ईसीजी आणि दिलेल्या औषधांचं एक पान बरोबर जावं, बाकीचं मागून पाठवावं.

रुग्ण रुग्णवाहिकेतून आला असेल तर त्याला त्याच स्ट्रेचरवर राहू द्यावं आणि ती गाडी दारात थांबवून ठेवावी. स्वतः आला असेल तर ईसीजी वाचल्याबरोबर गाडी मागवायची, औषधं नंतर. आणि अशी मागणी आल्यावर नियंत्रण कक्षाने तिला 'एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवणं' या सावकाश वर्गात टाकता कामा नये. रस्त्यावरच्या अपघाताइतकीच ती तातडीची. अनेक भागांत सगळ्यात मोठी गळती नेमकी इथेच असते: रुग्ण तयार असतो आणि गाडी येत नाही.

समोरच्या रुग्णालयाचा होकार हाही आधीच घेऊन ठेवायचा विषय आहे. स्टेमीच्या रुग्णाला 'बेड नाही' हे उत्तर चालणार नाही असा लेखी करार हवा. त्याला पहिला तास बेड लागत नाही, कॅथ लॅबचं टेबल लागतं. लॅबमध्ये दुसरी केस चालू असेल किंवा यंत्र बंद असेल, तर ते फोनवरच कळावं आणि पुढचं रुग्णालय कोणतं हेही ठरलेलं असावं.

अशी शिस्त लागू शकते याचा दाखला आहे. नॉर्थ कॅरोलायनात ६५ रुग्णालयांनी मिळून रुग्णवाहिका, फोन आणि औषधांची पद्धत एक केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लहान रुग्णालयात येऊन बाहेर पडेपर्यंतचा मध्यक वेळ १२० मिनिटांवरून ७१ वर आला. ७१ म्हणजे अजून ३० मिनिटांच्या उद्दिष्टाच्या दुपटीहून जास्त, पण ४९ मिनिटं कमी.

इंजेक्शन द्यायचं ठरलं तर

गुठळी विरघळवणाऱ्या औषधांत टेनेक्टेप्लेस वापरायला सगळ्यात सोपं: वजनानुसार एकच डोस, काही सेकंदांत शिरेतून. ६० किलोच्या खाली ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५ आणि ९० च्या पुढे ५०. पंचाहत्तरीच्या पुढच्या रुग्णाला निम्मा डोस, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. त्या नळीत आधी डेक्स्ट्रोज चालू असेल तर औषध साकळतं, म्हणून नळी सलाईनने धुऊन मगच द्यायचं. सोबत अ‍ॅस्पिरिन, आणि क्लोपिडोग्रेल (नवी गुठळी होऊ न देणारी गोळी) ३०० मिलिग्रॅम. पंचाहत्तरीपुढे फक्त ७५. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं दुसरं औषध जिथे वापरतात तिथे १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत जातं आणि रक्तदाब उतरतो का यावर सतत लक्ष ठेवावं लागतं.

देण्याआधीचे प्रश्न एका पानावर मावतात: पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडच्या काही महिन्यांत पक्षाघात किंवा डोक्याला मोठी इजा झाली आहे का, आत्ता कुठून रक्त जातंय का, दुखणं पाठीत फाटल्यासारखं आहे का, रक्तदाब १८०/११० च्या वर आहे का. उत्तरं नर्सने विचारून टिक करायची आणि औषध कॅज्युअल्टीच्याच कपाटात ठेवायचं. औषध तळमजल्याच्या फार्मसीत आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे, ही अडचण ऐकायला क्षुल्लक वाटते, पण रात्रीच्या रुग्णाचा अर्धा तास तीच खाते.

इंजेक्शन दिलं म्हणजे काम संपलं असं समजणं ही सगळ्यात घातक चूक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रीम या चाचणीत, तासाभरात अँजिओप्लास्टी मिळू न शकणाऱ्या रुग्णांना लवकर टेनेक्टेप्लेस दिलं गेलं. निकाल अँजिओप्लास्टीच्या तोडीचे आले, पण ३६ टक्के रुग्णांना त्यानंतरही तातडीने कॅथ लॅबमध्ये न्यावं लागलं. म्हणून इंजेक्शन टोचलं की गाडी लगेच मोठ्या रुग्णालयाकडे निघाली पाहिजे. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढायचा. सर्वांत जास्त उचललेल्या लीडमधला एसटी निम्म्यानेही खाली आला नसेल तर तडक अँजिओप्लास्टी. आला असेल तर २ ते २४ तासांत अँजिओग्राफी.

मोठ्या रुग्णालयात

इथे थोडक्यात. वाटेतून निरोप आला असेल तर रुग्ण कॅज्युअल्टीत न थांबता स्ट्रेचरवरूनच लॅबमध्ये जावा. नावनोंदणीसाठी तात्पुरता क्रमांक तयार ठेवावा. संमतीपत्र लिफ्टमध्येही घेता येतं. टीम पूर्ण जमेपर्यंत आलेल्यांनी टेबल मांडायला घ्यावं.

घड्याळं आणि नोंदी

मोजमाप सुरू केलं की पहिला धक्का हा बसतो, की घड्याळंच जुळत नाहीत. नियंत्रण कक्ष, ईसीजी मशीन, कॅज्युअल्टीची भिंत आणि कॅथ लॅब यांच्यात पाच-सात मिनिटांचा फरक निघतो आणि रुग्ण निघण्याआधीच पोहोचल्याची नोंद सापडते. नियंत्रण कक्षाची वेळ प्रमाण मानून दर आठवड्याला सगळी घड्याळं लावायची, हे एका ठरावीक माणसाचं काम असावं.

फक्त मध्यक वेळ बघू नये. मध्यक ८० मिनिटं असताना दहातला एक रुग्ण २०० मिनिटं घेत असेल, तर दुरुस्ती त्या दहाव्यापाशी करायची आहे. रात्रीचे, सुट्टीच्या दिवसांचे, बायकांचे आणि वृद्धांचे आकडे वेगळे काढले, की तो दहावा कोण हे दिसायला लागतं. प्रत्येक केसचा वेळापत्रकाचा एक तक्ता, अँजिओग्राफीच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रासह, दोन-तीन दिवसांत रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना मिळावा. आपण पाठवलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे त्यांना बहुतेक ठिकाणी कधीच कळत नाही.

महिन्यातून एकदा दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या: ज्यांच्यासाठी कॅथ लॅब जागी केली ते रुग्ण, आणि सगळ्या रुग्णालयांत अंतिम निदान स्टेमी झालेले रुग्ण. दुसऱ्या यादीत असून पहिल्या यादीत नसलेली नावं म्हणजे ज्यांचा ईसीजी निघालाच नाही, चुकीचा वाचला गेला, किंवा ज्यांना लहान रुग्णालयातच ठेवून घेतलं गेलं आणि तिथेच मृत्यू आला असे रुग्ण. वेळेच्या कुठल्याही सरासरीत ते धरले जात नाहीत. त्यांचे ईसीजी आणि केस पेपर मागवून, रुग्णवाहिका, लहान रुग्णालय आणि कॅथ लॅब अशा तिघांच्याही माणसांनी एकाच टेबलावर ते वाचायला हवेत.